फोटोपुरता खांब

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर दादा मलाच म्हणतो, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. म्हटलं, उंट कुठाय? मी इथे पाचव्या मजल्याच्या बाहेर परातीएवढ्या फळीवर उभा आहे, तू उंट दाखव, मी लगेच बसतो. तर फोनच ठेवला. म्हणजे नेहमीप्रमाणे शेवटचा शब्द त्याचाच, आणि तोही न बोलता.

विषय वाळूचा होता. घरामागे आईसाठी पक्की खोली काढतोय. चार खांब, वर स्लॅब. पैसे मी पाठवतो, देखरेख दादा करतो आणि बांधतो वहिनीचा भाऊ. तो गवंडी आहे. म्हणजे असं तो सांगतो. दादाने फोटो पाठवला, त्यात वाळूच्या ढिगावर एक मांजर निवांत आपला कार्यक्रम उरकत होतं. मी एवढंच म्हटलं की वाळू चाळून घ्या. त्यावर दादा असा तापला, जणू मांजरही त्याच्या सासरचंच.

मला चुका दिसतात त्याला मी काय करू? मला पगारच त्याचा मिळतो. नव्या इमारतीत तपासणीच्या मॅडम खोलीखोलीतून फिरतात. कुठे तडा, कुठे फरशी पोकळ, कुठे दार भिंतीला काटकोनात नाही. जिथे खोट दिसेल तिथे लाल गोल कागद चिकटवतात आणि त्यावर पेनाने नंबर घालतात. त्या कागदांना आम्ही टिकल्या म्हणतो, मॅडमना पाठीमागे टिकलीबाई, आणि आम्हाला सगळे टिकली गँग. कारण टिकली लागली की खोट काढायची आमची. काढली की फोटो घ्यायचा, तो हापिसात जातो, हापिस फोटो बघून ‘बंद’ म्हणतं आणि टिकली निघते. हापिसातला माणूस खुर्चीतून उठून इथवर येत नाही. त्याला जिन्यांचं वावडं आहे.

ही डायरी सिमेंटवाल्याने फुकट वाटली. प्रत्येक पानाखाली सुविचार छापलाय. आजचा: ‘पाया पक्का तर संसार पक्का.’ विकत घेतली असती तर पैसे परत मागितले असते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मुकादमाने सगळ्या गँगला तळघरात गोळा केलं आणि भाषण ठोकलं. महिनाअखेर इमारतीत एकही टिकली उरली नाही, तर प्रत्येकाला एक जादा पगार.

“एकही म्हणजे एकही. औषधालासुद्धा टिकली दिसता कामा नये.”

त्या क्षणापासून गँगला कामाची जी काही गोडी लागली! खोट काढण्याची नव्हे, टिकली काढण्याची. दोन्हींत फरक आहे आणि त्या फरकालाच माझी कला म्हणतात. उगाच नाही मला सगळे घोटण्या म्हणत.

उदाहरणार्थ पोळं. काँक्रीट ओतताना ते नीट हलवलं नाही, किंवा सिमेंटच कमी पडलं, की खडीखडीत जागा राहते. फळ्या खोलल्या की खांबाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं. नियम असा की पक्कं काँक्रीट लागेपर्यंत ते सगळं फोडायचं आणि नव्याने भरायचं. म्हणजे दोन-तीन दिवस गेले. आमची रीत एका दुपारची. सिमेंटात पांढरी पुट्टी कालवायची, रंग जुळला की थापीने चोपडायची, गुळगुळीत घोटायची. वाळली की सबंध खांब पाण्याने भिजवायचा. ओला खांब सगळीकडे सारखाच काळा दिसतो. मग उजेड समोरून येईल असा फोटो. बाजूच्या उजेडात उंचसखल दिसतं, म्हणून बाजूने फोटो काढायचाच नाही. देवाने माणूससुद्धा याच पद्धतीने बनवला असावा.

संध्याकाळी घरी फोन करून हे सगळं सांगितलं. दादावर जरा छाप पडायला नको का? फोन स्पीकरवर होता, कारण मागून आईचा आवाज आला, “माझा पोरगा कलाकार आहे!” वहिनी हसल्या. त्यांचा भाऊ म्हणाला, “पुट्टी किती घालायची?” मी प्रमाणसुद्धा सांगितलं. विद्या दिल्याने वाढते. हा सुविचार डायरीतला नाही, माझा आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पगार झाला. नवा फोन घेतला. जुन्याच्या काचेला तडे गेलेत, टिकलीबाईने पाहिला तर टिकली लावेल. नव्याचा कॅमेरा असा आहे की समोरच्या इमारतीवरच्या कबुतराच्या डोळ्यातला आळस दिसतो.

घरी दर महिन्याला दहा पाठवतो, या वेळी चार पाठवले. दादाला सांगितलं, पगार अर्धाच दिला. तो म्हणाला, “बरं.”

नुसतं बरं! मी एवढी मोठी गोष्ट रचली होती, ठेकेदाराचं बिल अडकलंय, मुकादम स्वतः उसने मागत फिरतोय, आणि हा म्हणतो बरं. ऐकून घेणारा असला असेल तर माणसाने खोटं तरी मन लावून कशाला बोलावं?

वर म्हणतो, “या आठवड्यात खांब भरायचे होते.”

“मग भरा की,” मी म्हटलं. “मी काय हात धरलेत?”

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज माझ्या कलेचा कळस झाला. तळघरात, जिथे गाड्या लागणार आहेत, तिथल्या कोपऱ्यातल्या खांबाच्या इतके दिवस तशाच राहिलेल्या फळ्या आज खोलल्या आणि पोळं निघालं ते गुडघ्यापासून कमरेपर्यंत. असलं पोळं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बोट घातलं तर आतली सळई लागत होती. टिकलीबाई तेव्हा वर नवव्या मजल्यावर होती. मुकादम घामाघूम.

“घोटण्या, ती खाली यायच्या आत. टिकली लागायच्याच आधी.”

“म्हणजे खोट निघायच्या आधीच बंद?”

“शहाणपणा शिकवू नकोस. थापी उचल.”

उचलली. भोकं इतकी खोल की आधी विटांचे तुकडे कोंबले, मग वरून माझा लेप. दोन हात मारल्यावर खांब असा दिसायला लागला की त्याचं लग्न लावून द्यावं. टिकलीबाई संध्याकाळी आली, त्यावरून हात फिरवला, पुढे गेली. मग मागे वळून पुन्हा एकदा बघितलं. माझं काम लोक वळून वळून बघतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दादाने चारही खांबांचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय, ‘एक तारखेला स्लॅब.’ मध्ये आई खुर्ची टाकून बसलीय. खोलीला अजून भिंती नाहीत, छत नाही, पण बाई राहायला आल्यासुद्धा. फोनवर म्हणाली, “हवा छान येते रे.” येणारच. चारही बाजूंनी उघडं आहे.

नव्या फोनवर फोटो मोठा करून बघितला. तीन खांब करडे, कोरडे, जरा ओबडधोबड, जसे असतात तसे. मागच्या कोपऱ्यातला मात्र काळाशार, ओला, आणि असा गुळगुळीत की मला एकदम ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. फोटो भर दुपारचा. समोरून.

त्याच्याच खाली आईची खाट येणार आहे. ती त्याच कोपऱ्यासाठी हट्ट धरून बसलीय, तिथून विहीर दिसते म्हणून.

आमच्या घराण्यात एवढी हुशारी आली कुठून? कुणीतरी शिकवलंय, नक्की.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

“दादा, मागच्या खांबाला काय झालंय?”

“काय व्हायचंय? उभा आहे.”

“चोपडलाय तो.”

“तुला तिथून दिसतं?”

“ओला करून फोटो काढलाय.”

“खांबाला पाणी मारा, पाणी मारा म्हणून तूच कान खातोस. मारलं तर म्हणतोस ओला का!”

“मग बाकीचे तीन तहानलेले का ठेवलेत?”

यावर दादा म्हणाला, “हे बघ, तो माझा मेहुणा आहे. रोज पहाटे येतो, पैशाचं तोंडातून काढत नाही. त्याला मी काय सांगू, माझ्या भावाने फोटोत तुझी चोरी पकडली? ही घरात राहील का मग?”

ही म्हणजे वहिनी. वहिनी मागेच भांडी आपटत होत्या. आवाजावरून पातेलं होतं.

मी म्हटलं, “खांब फोडून बघा. एक तारखेच्या आत.”

“तू ये आणि फोड,” दादा म्हणाला. आणि ठेवला. शेवटचा शब्द आज बोलून घेतला एवढीच प्रगती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

टिकलीबाई जिन्यात एकटी सापडली. तिला कुणी आपणहून काही विचारत नाही. माणसं तिला बघून विड्या विझवतात.

“मॅडम, समजा एखादा खांब आतून पोळं आहे आणि वरून चोपडलाय. तर कळायचं कसं?”

तिचं पेन थांबलं. “समजा कुठला खांब?”

“घरचा.”

“असं.” जरा वेळ माझ्याकडे बघितलं. “हातोडीने ठोकून बघायला सांग. पक्का असेल तर टण वाजतो, पोकळ असेल तर बद्द. बद्द वाजला तर तिथे फोडायचं. पोळं सळईच्या मागे गेलं असेल तर तेवढा खांब काढून नव्याने भरायचा. वर स्लॅब पडलाय?”

“नाही अजून.”

“मग नशीबवान आहेस. स्लॅब पडला की तोच खांब फोडायला सगळ्या घराला टेकू द्यावे लागतात.”

“आणि नाहीच फोडला तर?”

“आज काही होणार नाही. उद्याही नाही. म्हणूनच लोक फोडत नाहीत.” पायऱ्या उतरायला लागली, मग थांबली. “आणि इथला एखादा असेल, तरी येऊन सांग. नाव विचारणार नाही.”

“इथले सगळे चकाचक आहेत मॅडम. फोटो बघितलेत ना?”

“बघितलेत,” ती म्हणाली. “फारच चकाचक आहेत.”

माझ्या कामाची तारीफ हापिसापर्यंत गेलीय तर.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा गाडी घेऊन भाड्यावर गेलेला. मी व्हिडिओ कॉल लावला. वहिनींनी उचलला, खांब ठोकून बघायचेत हे ऐकलं, फोन आईच्या हातात दिला आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या हातोडी घेऊन.

पुढचा सगळा देखावा मी आईच्या छायाचित्रणातून बघितला. म्हणजे आधी आकाश, मग आईचं कपाळ, मग बराच वेळ आईचा अंगठा.

“आई, फोन खांबाकडे कर!”

“खांबाकडेच आहे. तूच वाकडा बसलायस.”

अंगठ्यामागून आवाज आला. टण. टण. टण. हे तीन खांब. मग चौथा. बद्द.

वहिनींनी पुन्हा मारली. बद्द. तिसऱ्यांदा पदर खोचून मारली आणि माझ्याच कामासारखा सुरेख गुळगुळीत पापुद्रा ताटाएवढा निसटून खाली पडला. आतून खडी सुटी सुटी घरंगळली. सळई उघडी पडली, तिच्या मागे अंधार.

आई म्हणाली, “अगं, हा तर आतून पोकळ गं. तुझ्या भावाच्या डोक्यासारखा.”

वहिनींनी फोन घेतला. चेहऱ्यावर सिमेंटची धूळ.

“भाऊजी, तुम्हाला हेच बघायचं होतं ना? बघितलंत. त्या आठवड्यात सिमेंट कमी पडलं. हे म्हणाले, आहे तेवढ्यात भागवा, पैसे आले नाहीत. माझा भाऊ म्हणत होता, थांबू या. सेंट्रिंगच्या फळ्यांचं भाडं रोज चढत होतं, कसं थांबणार? शेवटच्या खांबाला आलं तेव्हा पोत्यांचा तळ झाडला.”

“पण झाकायचं कशाला, वहिनी? सांगायचं ना.”

“झाकायचं तुम्हीच शिकवलंत. प्रमाणासकट. स्पीकरवर.”

“मी ते इमारतीसाठी सांगितलं होतं. घरासाठी नाही.”

“का? तिथे काय भुतं राहायला येणार आहेत?”

आणि फोन पुन्हा आईकडे. मग बराच वेळ अंगठा.

सिमेंट नेमकं त्याच आठवड्यात का कमी पडावं, कोण जाणे. चार खांबांना किती पोती लागतात एवढंही मेहुण्याला आधी कळू नये? शिक्षण कमी, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा फोन. आपणहून. मी तारीख दोनदा तपासली.

“फोडायचाच आहे,” म्हणाला. “ही रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही. तिचा भाऊ तिच्याशी बोलत नाही. आई सगळ्यांशी बोलतेय, तेही बंद व्हायला हवं.”

“मग फोडा.”

“फोडीन. भरू कशाने? सिमेंट, सळईचा तुकडा, फळ्यांचं आणखी एका आठवड्याचं भाडं. पंधरा तरी हवेत.” मग घसा खाकरला. दादाने पैसे मागताना घसा खाकरलेला मी प्रथमच ऐकला. नाही तर तो मागतच नाही, नुसतं ‘बरं’ म्हणतो. “तुझं काही जमेल?”

“जमेल म्हणजे? महिनाअखेरीला जादा पगार येतोय. अख्खा. काळजी सोड.”

“नक्की?”

“इमारतीवर औषधालाही टिकली उरली नाही, दादा. जिथे मी आहे तिथे खोट टिकत नाही.”

२५ फेब्रुवारी, बुधवार

शेवटची टिकली आज दुपारी निघाली. सातव्या मजल्यावरच्या न्हाणीघराची. मुकादमाने ती कपाळाला लावून नाच केला. टिकलीबाईने तळघरापासून गच्चीपर्यंत शेवटची फेरी मारली आणि सगळं पास केलं. कोपऱ्यातल्या खांबापाशी ती बरीच रेंगाळली. हातात काठी होती, ठोकू की नको, ठोकू की नको असं चाललेलं. मुकादम म्हणाला, “मॅडम, साहेब वर थांबलेत.” मग गेली.

माझा जीव इथे, पंधरा हजार तिथे, आणि मध्ये तिची काठी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वॉचमनकाकांना तळघरात जागा मिळाली. इतके दिवस बिचारे फाटकाजवळच्या पत्र्यात तळून निघत होते. आता खाट, स्टोव्ह, आरसा, ट्रंक असा सगळा संसार तळघरात. जागा कुठली? कोपऱ्यातली. कुठल्या खांबापाशी? विचारायला नको.

“बघ, काय गारवा आहे!” खांबाला पाठ लावून म्हणाले. “आणि गुळगुळीत किती! हे तुझं काम ना? मुकादम सांगत होता. जरा एक खिळा ठोकून दे बाबा, सदरा अडकवायला.”

“काका, काँक्रीटमध्ये खिळा जात नाही. वाकतो.”

“प्रयत्न तर कर. आळशी कुठला.”

हातोडी त्यांनीच दिली. मी पहिला घाव हळूच घातला. खिळा गेला. दुसऱ्याला निम्मा आत गेला, लोण्यात जावा तसा. आवाज आला तो बद्द.

काका खूश. “वा! किती मऊ काम केलंयस रे!”

सदरा अडकवला. मग त्याच्या खाली उशी ठेवली आणि मला चहा करून दिला. मी म्हटलं, खाट जरा त्या बाजूला घ्या. म्हणाले, तिकडे डास आहेत. म्हटलं, असू द्यात डास. तर म्हणतात, “तुला रे काय त्रास माझ्या खाटेचा?”

चहात साखर जास्त होती. पूर्ण संपवला नाही.

मी काही साधुसंत नाही. पंधरा हजार माझ्या आईच्या डोक्यावरचे आहेत. वॉचमनकाका माझे कोण? पत्त्यांत लबाडी करतात. माझी पानं ओळखून डाव सोडतात, वर म्हणतात, पोरा, तुझं नशीब फुटकं. अशा माणसावर सगळी इमारत पडली तरी

(हे वाक्य पुरं करणार होतो.)

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

टिकलीबाईचं टिकल्यांचं रीळ तिच्या खिडकीत पडलेलं असतं. सकाळी कुणी यायच्या आधी त्यातली एक फाडली आणि खिळ्याच्या बरोब्बर बाजूला लावली. काका घोरत होते. घाईत जरा वाकडी लागली.

तासाभरात सगळी गँग त्या खांबाभोवती. मयताला जमावी तशी.

“ही कुणाच्या बापाने लावली?” मुकादम.

कुणाच्याच बापाने लावली नव्हती. मी सगळ्यांत जोरात नाही म्हटलं.

“परवा मॅडमनी पास केलंय. आणि हिच्यावर नंबर कुठाय? नंबर नाही म्हणजे ही टिकली नाहीच. नुसता कागद.” आणि नख लावून ती सोलायला लागला. अर्धी निघालीसुद्धा.

तेवढ्यात टिकलीबाई आली. गर्दीतून वाट काढत पुढे झाली, टिकलीकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडे. माझ्या तोंडावर जरा जास्त थांबली. मी छताकडे बघत होतो. छत बरं झालंय.

तिने अंगठ्याने टिकली पुन्हा दाबून बसवली, पेन काढलं आणि तिच्यावर नंबर घातला.

“माझीच आहे,” म्हणाली. “परवा नंबर घालायचा राहिला. फोडायला ब्रेकर मागवा.”

बघा! जिवावर उदार होऊन लावली मी, आणि नाव घेतलं बाईने. चांगल्या कामाचं श्रेय लाटायला शिकलेली माणसं कशी टपलेली असतात त्याचा हा नमुना. पण देव आहे. परवा पास केलेलं आज नापास कसं केलंस म्हणून मोठ्या साहेबाने तिला काचेच्या खोलीत उभं करून असं झापलं की बाहेर आम्हाला ऐकू येत होतं. तिने एकदाही वर बघितलं नाही. मी मनात म्हटलं, घे आता श्रेय.

तरी बाहेर आली तेव्हा मी तिला पाण्याची बाटली दिली. का दिली माहीत नाही. गरम होत होतं म्हणून.

“घरचा फोडला का?” तिने विचारलं.

“आज फोडतायत.”

“बरं झालं,” म्हणाली, आणि अर्धी बाटली पिऊन परत दिली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

जादा पगार गेला. मुकादमाने गँगला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज रडवा होता. माणूस वाईट नाही, त्याने त्या पैशावर दात बसवायचं ठरवलं होतं.

आता गंमत बघा. खांब फोडायला माणूस हवा. वरच्या तुळईला लोखंडी टेकू लावायचे, मग ब्रेकर घेऊन सळईच्या मागेपर्यंत सगळं मोकळं करायचं, मग नवा माल भरायचा. तळघरात, धुळीत, काम सुटल्यावर. कुणी तयार होईना. मुकादम म्हणाला, “ओव्हरटाइम दुप्पट.” मी हात वर केला. म्हणजे झाकलं तेव्हा रोजचाच पगार मिळाला, आणि तेच फोडायला दुप्पट मिळतोय. कंपनीने हे आधीच सांगितलं असतं तर मी आणखी मन लावून झाकलं असतं.

आत घातलेले विटांचे तुकडे एकेक करून बाहेर आले. मुकादम शेजारी उभा राहून म्हणाला, “हे कुठल्या गाढवाने कोंबले?” मी म्हटलं, “बघितलं पाहिजे.” दोघेही बघत राहिलो.

वॉचमनकाकांनी शिव्या घालत खाट पलीकडे नेली. डासांच्या बाजूला. “चांगला खिळा होता,” म्हणाले. “तुझी वाकडी नजर लागली.”

३ मार्च, मंगळवार

दादाचा फोन. स्लॅब पुढे ढकललाय. खांब फोडला, मेहुण्यानेच फोडला, खालपर्यंत. मजुरी घेणार नाही म्हणतो. पाणीसुद्धा न पिता गेला. वहिनी फाटकापर्यंत त्याच्यामागे गेल्या आणि तशाच परत आल्या. आईने खुर्ची उचलून पुढच्या दोन खांबांमध्ये टाकलीय. तिथूनही हवा छान येते म्हणे.

“तुझा जादा पगार?” दादाने विचारलं.

“नाही मिळाला. शेवटच्या दिवशी एक टिकली निघाली.”

“कशी काय?”

“काय सांगू. लोक फार बारकाईने बघतात हल्ली.”

यावर तो म्हणाला, “बरं.” मागे वहिनी भांडी घासत होत्या. आपटत नव्हत्या.

मी म्हटलं, “पोती मेहुण्याच्या अंदाजाने आणू नका. लागतात त्यापेक्षा दोन जास्त आणा. आणि भरून झाल्यावर मला फोटो नको. फळ्या खोलल्या, पाणी मारून झालं, की वहिनींना ठोकायला सांग आणि फोन खांबापाशी धर. मला ऐकायचाय.”

“तुझा नवा फोन आहे ना चांगला? बघ की.”

नवा फोन आज दुपारी विकला. त्याचा कॅमेरा फारच चांगला होता, माणसाला नको नको ते दिसतं. घेतला त्याच्या दोन तृतीयांशात गेला. विकत घेणाऱ्याने कोपऱ्यावरचा ओरखडा दाखवून पाडून मागितला. ओरखडा केसाएवढा होता. पण मी काही भांडलो नाही. खोट ती खोट.

जुन्या फोनला आवाज स्वच्छ येतो.

या महिन्याचा पगार दहा तारखेला, तो वेगळा. रोख मिळालेला ओव्हरटाइम आणि फोन मिळून उद्या सकाळी पाठवतोय: पंधरा हजार आठशे.